शिक्का क्रमांक सदतीस

वर्षातून एकदा, पात्यांच्या आधी माझे डोळे तपासतात.
कोपरखैरण्याला, नाडरच्या दुकानात,
हातभर अंतरावर धरलेला कागद.
वरच्या ओळी कुणीही वाचेल,
शेवटची मुंगीच्या पायांनी लिहिलेली.
मी वाचते, तो सही करतो.
यंदा जरा थांबून वाचली.
नाडरला ते कळलं. चष्म्याच्या कापडाची
उगाच घडी घालत बसला.

मग रबाळे. शेडमागची काळोखी खोली.
आत शिरल्यावर दोन मिनिटं काहीच करायचं नाही,
डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यायची,
असं नियमातच लिहिलंय.
एवढी सवलत मला घरीसुद्धा कुणी दिली नाही.

पंख्याचं पातं, माझ्या कमरेएवढं, टायटॅनियमचं.
तेलात बुडवून, निथळून, धुऊन
वर पांढरी भुकटी.
बाबा आगरात फळीने मीठ ओढायचे
त्याआधी पाण्यावर जी साय धरायची, तशी.
भेग असली तर तिच्यात दडलेलं तेल
भुकटीतून वर चढतं
आणि जांभळ्या दिव्याखाली हिरवं पेटतं,
केसाएवढं,
कधी केसाच्या सावलीएवढं.

बाबा विचारायचे,
कय दिसतं गो तुला त्या कालोखान?
काही नाही, मी म्हणायचे,
काही दिसलं नाही म्हणजे काम चांगलं झालं.
त्यांना हे शेवटपर्यंत पटलं नाही.

अकरा नंबरच्या पात्यात काही दिसलं नाही.
मुळापासून टोकापर्यंत नुसता जांभळा अंधार.
मी शिक्का मारला. सदतीस.

दीड वर्षाने वेंगुर्लेकरांनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसवलं,
भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिथे चित्रफीत लावली.
परदेशातली चाचणी.
एका पात्याच्या मुळाशी स्फोटक ठेवतात,
इंजिन भरवेगात नेतात,
आणि ते पातं मुद्दाम उडवतात.
आत काय आकांत व्हायचा तो होवो,
तुकडा कवचाबाहेर पडता कामा नये,
खिडकीशी डुलक्या घेणाऱ्या कुणाच्या मांडीवर तर नाहीच.

यासाठी खोटं पातं चालत नाही.
डागी तर मुळीच नाही.
"अकरा नंबर," वेंगुर्लेकर म्हणाले, "आपलं."

पाती आधी एक अखंड ताटली होती.
मग ताटलीला दात पडला.
कवच पोट धरून हसावं तसं हललं,
शेजारची पाती वाकली, तासली गेली,
आणि कवचाने धरलं.
डोळा लवायच्या आत झालेलं ते सगळं
आम्ही चार मिनिटं बघत होतो.
टाळ्या. मढवीने शिट्टी मारली.
मी विचारलं, तुकड्यांचं काय करतात?
"वजन करतात," वेंगुर्लेकर म्हणाले
आणि समोसे मोजू लागले.

त्यानंतरही गारा, पाणी, पक्षी,
लाल रेषेवर तासन् तास,
आणि कपाटं भरतील इतके कागद.
शेवटी जे प्रमाणपत्र आलं त्याची प्रत
रिसेप्शनला फ्रेममध्ये आहे, एसीच्या खाली,
कोपऱ्यात ओल धरलेली.
मी ते जाता-येता वाचते.
ते मला चष्म्याशिवाय जमतं,
अक्षरं मोठी आहेत.

काल नवी मुलगी आली, वृंदा भोईर, गोठिवलीची.
दिवा मी धरला होता,
पातं मी फिरवलं, खाली ठेवलं,
हात शिक्क्याकडे गेला.
"ताई, मुळाशी."
कुठे?
भिंग लावलं. पुसलं. पुन्हा भुकटी टाकली.
मिनिटभराने ती उगवली,
हिरवी, बारीक,
वृंदाला केव्हाची दिसत असलेली.

मी लाल चिठ्ठी बांधली.
दिवा तिच्या हातात दिला.
मग दारापाशी उभी राहिले,
आणि नियमात आहे तशी
दोन मिनिटं काहीच केलं नाही.